डोळ्यांच्या आरोग्यासाठी पुरावे जोडायचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी वाटाड्या

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या दोन शस्त्रक्रियांची तुलना झाली होती. एक जुनी, टाक्यांची. दुसरी लहान छेदाची, जिला आपल्याकडे लोक ‘बिनटाक्याची’ म्हणतात. एकूण ७४१ रुग्ण होते आणि कोणावर कोणती शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं, यादृच्छिक पद्धतीने ठरवलं होतं. डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत छापून आला. सहा आठवड्यांनी ७०६ जण तपासणीला आले. चष्मा न लावता ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसणारे बिनटाक्याच्या गटात ३४४ पैकी १६५ होते, टाक्यांच्या गटात ३६२ पैकी १३५. योग्य नंबरचा चष्मा लावून पाहिल्यावर हेच आकडे ३०९ आणि ३१४ झाले.

कागद-पेन्सिल घेऊन भागाकार करा. चष्म्याशिवाय शंभरात ४८ विरुद्ध ३७. चष्म्यासह शंभरात ९० विरुद्ध ८७. रुग्ण तेच, सर्जन तेच, दिवस तोच, पण ‘किती फरक पडला?’ या प्रश्नाची उत्तरं दोन. ज्या आजींना सहा आठवड्यांनी नंबर काढून चष्मा मिळणार आहे, त्यांच्यासाठी दुसरं उत्तर खरं. ज्या आजी शिबिरातून गावी परतल्यावर पुन्हा तालुक्याला येतील याची खात्री नाही, त्यांच्यासाठी पहिलं.

मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो: जगभरात झालेले असे अभ्यास शोधायचे, तपासायचे, एकत्र मांडायचे आणि ‘आजवर जे कळलं आहे ते सगळं धरून काय म्हणता येईल’ हे लिहायचं. इंग्रजीतल्या ‘एव्हिडन्स सिंथेसिस’ला मराठीत पुरावा-संश्लेषण म्हणतात, रोजच्या बोलण्यात आम्ही ‘रिव्ह्यू’ म्हणतो, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. माझं ठाम मत असं की यातलं गणित आणि सॉफ्टवेअर कोणालाही शिकता येतं. अवघड आहे ते कोणत्या माणसासाठी कोणता परिणाम मोजायचा हे ठरवणं, आणि पुढचं वर्षभर त्या निर्णयाशी प्रामाणिक राहणं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या कम्युनिटी मेडिसिनच्या, ऑप्टोमेट्रीच्या, संख्याशास्त्राच्या, पब्लिक हेल्थच्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. नेत्रतज्ज्ञांसाठीही आहे.

आधी हे काम का, ते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालाप्रमाणे जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीदोष आहे, आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून इलाज व्हायचा आहे. उपाय नवे नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि चष्मा या दोनच गोष्टींनी मोठा भार हलका होतो. म्हणून २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेत देशांनी २०३० पर्यंतची दोन उद्दिष्टं मान्य केली: मोतीबिंदूच्या परिणामकारक शस्त्रक्रियांची व्याप्ती ३० टक्केबिंदूंनी आणि चष्म्यांची परिणामकारक व्याप्ती ४० टक्केबिंदूंनी वाढवायची. यातला ‘परिणामकारक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. किती ऑपरेशनं झाली एवढं मोजून भागत नाही, त्यानंतर नीट दिसलं का हेही मोजावं लागतं.

हे सगळं तज्ज्ञाच्या अनुभवावर का सोडू नये? माझे विद्यार्थी, त्यांतही डॉक्टर, हा प्रश्न नेहमी विचारतात. मी त्यांना न्यूयॉर्कची गोष्ट सांगतो. १९४९ च्या सुमारास डॉ. विल्यम सिल्व्हरमन अकाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या आजारावर एसीटीएच हे हार्मोन देऊन पाहत होते. पहिल्या ३१ बाळांपैकी २५ बाळांची दृष्टी शाबूत राहिली. आणखी काय पुरावा हवा? तरी त्यांनी यादृच्छिक चाचणी केली. हार्मोन दिलेल्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश आंधळी झाली, न दिलेल्यांपैकी एक पंचमांश. हा आजार बहुतेक बाळांत आपोआपच बरा होत होता आणि श्रेय औषधाला जात होतं. डॉक्टर हुशार होते, मनापासून झटत होते, आणि तरीही तुलनेसाठी दुसरा गट नसता तर त्यांना हे कधीच दिसलं नसतं.

शिक्षण: कुठून आलात तरी चालेल, दोन गोष्टी मात्र लागतील

पहिली, साथरोगशास्त्राची पक्की बैठक. म्हणजे अभ्यासांचे प्रकार, पूर्वग्रह, गोंधळ निर्माण करणारे घटक, रिस्क रेशो आणि ऑड्स रेशो यांतला फरक. दुसरी, डोळ्याची ओळख. तुम्ही नेत्रतज्ज्ञ नसाल तर एखाद्या धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या ओपीडीत आणि शिबिरात निदान महिनाभर बसा. दृष्टी मोजणाऱ्या ताईंच्या शेजारी उभे राहा. तक्त्याची एक ओळ खाली वाचता येणं म्हणजे काय, पिनहोल कशासाठी लावतात, म्हातारी माणसं अक्षरं न ओळखता पाठ कशी करतात, हे पाहिलं की पुढे शोधनिबंधातली ‘दृष्टी ६/१८’ ही नोंद तुम्ही वेगळ्या डोळ्याने वाचाल.

पदवीसाठी भारतात पर्याय बरेच आहेत: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथले पब्लिक हेल्थचे अभ्यासक्रम, हैदराबाद, गांधीनगर, दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था. संख्याशास्त्राकडे कल असेल तर मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. परदेशात लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचा ‘पब्लिक हेल्थ फॉर आय केअर’ हा मास्टर्स थेट याच विषयाचा. रिव्ह्यूचं प्रशिक्षण हवं असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कॉक्रेनचं, म्हणजे आरोग्यावरचे रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, काम रुजलेलं आहे, आणि मणिपाललाही पुरावा-संश्लेषणाचा गट आहे.

पदवी घेईपर्यंत थांबू नका, एवढंच सांगेन. कॉक्रेनचं हँडबुक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. मी नव्या माणसाला सगळ्यांत आधी त्यातली अर्धा डझन प्रकरणं वाचायला सांगतो, आणि मग डोळ्यांवरचा एक छापलेला रिव्ह्यू घेऊन त्यातले सगळे आकडे मूळ निबंधांतून स्वतः काढायला लावतो. तीन आठवडे जातात. पण एखाद्या कोर्सात जे शिकायला मिळत नाही ते त्या तीन आठवड्यांत मिळतं.

पायरी १: प्रश्न लहान करा

नवीन माणूस ‘मधुमेह आणि डोळे’ असा विषय घेऊन येतो. तो आयुष्यभराचा विषय झाला. प्रश्नाचे चार कोपरे ठरवा: कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाशी तुलना, कोणता परिणाम. ‘पन्नाशीपुढचे मोतीबिंदूचे रुग्ण, लहान छेदाची शस्त्रक्रिया, फेकोशी (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या शस्त्रक्रियेशी) तुलना, तीन महिन्यांनी चष्म्याशिवायची दृष्टी.’ इतकं नेमकं झालं की मग शोध घेता येतो.

परिणाम ठरवताना फक्त दृष्टीच्या तक्त्यापाशी अडकू नका. आसामच्या चहामळ्यांत ४० वर्षांवरच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली. जवळचं पाहायचा चष्मा मिळालेल्या मजुरांनी न मिळालेल्यांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ५ किलो पानं जास्त तोडली, म्हणजे जवळपास २२ टक्के वाढ. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये ती प्रसिद्ध झाली. दिवसाची किलोतली तोडणी हा ‘परिणाम’ म्हणून मांडायचं ज्यांना सुचलं, त्यांनी चष्म्याच्या अर्थकारणावरची चर्चाच पुढे नेली.

प्रश्न पक्का करण्यापूर्वी हा रिव्ह्यू आधीच कोणी केला आहे का ते बघा. कॉक्रेन लायब्ररी आणि प्रॉस्पेरो ही रिव्ह्यूंची नोंदणी, दोन्ही चाळा. आधीचा रिव्ह्यू जुना असेल तर अद्ययावत करणं हेही पूर्ण मोलाचं काम आहे, आणि नवशिक्यासाठी तर उत्तम.

पायरी २: प्रोटोकॉल लिहा, नोंदवा

काय करणार, कोणते अभ्यास घेणार, कोणते वगळणार, निकालांची बेरीज कशी करणार, हे निबंध पाहण्याआधी लिहून ठेवायचं आणि प्रॉस्पेरोत नोंदवायचं. ही नोंदणी ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केली. आकडे पाहिल्यावर नियम बदलायचा मोह प्रत्येकालाच होतो. म्हणून नियम आधी. बदलावाच लागला तर बदलल्याचं आणि का बदलला ते लिहा. त्यात कमीपणा नाही.

याच वेळी टीम ठरवा. किमान दोन जण छाननीसाठी, एक संख्याशास्त्र जाणणारा, एक नेत्रतज्ज्ञ, आणि शक्य असेल तर एक ग्रंथपाल. लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येतील हेही याच बैठकीत बोलून घ्या. काम संपत आलं की हा विषय निघतो आणि मग मैत्र्या तुटतात. मी तुटताना पाहिल्या आहेत.

वेळेचा अंदाज खरा ठेवा. प्रॉस्पेरोत नोंदवलेल्या १९५ रिव्ह्यूंचा एक अभ्यास झाला होता. नोंदणीपासून प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी ६७ आठवडे लागले होते. तीन महिन्यांत होईल असं प्रबंधाच्या मार्गदर्शकांना सांगून बसू नका.

पायरी ३: शोध

पबमेड हा शोधनिबंधांचा साठा एकटा पुरत नाही. एम्बेस, कॉक्रेनचं सेंट्रल, लॅटिन अमेरिकेसाठी लिलॅक्स, आणि चाचण्यांच्या नोंदण्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं शोध-पोर्टल आणि सीटीआरआय ही आपली भारतातली नोंदणी. भारतात १५ जून २००९ पासून चाचणी नोंदवणं बंधनकारक आहे. तिथे नोंदवलेली पण कधी छापलीच न गेलेली चाचणी सापडली, तर त्या डॉक्टरांना सरळ पत्र लिहा. उत्तरं येतात.

शब्दांची यादी करताना डोळ्यांच्या क्षेत्राचे काही खाचखळगे आहेत. पडद्यावरच्या सुजेला अमेरिकन ‘इडिमा’ लिहितात ते ‘ई’ने, ब्रिटिश लिहितात तेव्हा स्पेलिंगच्या सुरुवातीला ‘ओ’ असतो. एकच लिहिलंत तर अर्धे निबंध निसटतील. लहान छेदाच्या शस्त्रक्रियेला कोणी एसआयसीएस म्हणतं, कोणी एमएसआयसीएस, कोणी नुसतं ‘स्युचरलेस’. यासाठीच ग्रंथपाल हवा. आपल्याकडे मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालांना पुस्तकं देण्या-घेण्यापलीकडे कोणी विचारत नाही, आणि त्यांच्यातले कितीतरी जण शोधाच्या ओळी आपल्यापेक्षा सरस लिहितात. त्यांना लेखक म्हणून सोबत घ्या.

पायरी ४: छाननी

रायन किंवा कोव्हिडन्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे सारांश चढवायचे, दोघांनी एकमेकांचं न पाहता हो-नाही करायचं, जिथे मतभेद तिथे बसून बोलायचं. हजार-दोन हजार सारांश वाचावे लागतात. कंटाळा येतो. दिवसाला शंभर-दीडशेच्या वर वाचू नका, नजर निबर होते. मशीन लर्निंगची साधनं आता क्रम लावायला मदत करतात, पण वगळण्याचा निर्णय माणसाच्या सहीने व्हावा असं माझं म्हणणं आहे. किती सापडले, किती वगळले, का वगळले याचा हिशेब प्रिझ्मा या रिव्ह्यू मांडायच्या ठरलेल्या आराखड्यात द्यायचा. २०२० च्या प्रिझ्मा यादीत २७ बाबी आहेत, तिची प्रत टेबलावर चिकटवून ठेवा.

पायरी ५: आकडे उतरवणं, आणि डोळे किती, माणसं किती

इथे मी थांबणार आहे, कारण डोळ्यांच्या रिव्ह्यूतली सगळ्यांत मोठी चूक इथे होते, आणि ती मी स्वतः केली आहे.

माझ्या पहिल्या रिव्ह्यूत एका निबंधात लिहिलं होतं, ‘८० रुग्णांचे १२० डोळे’. मी तक्त्यात ‘सहभागी: १२०’ असं लिहून पुढे गेलो. तीच नोंद स्वतंत्रपणे करणाऱ्या माझ्या सहकारी ताईंनी ८० लिहिलं होतं. जुळवणीच्या वेळी त्यांनी निबंध पुढ्यात ठेवला आणि विचारलं, ‘उरलेले ४० कोण?’ ते ४० म्हणजे ज्यांचे दोन्ही डोळे अभ्यासात घेतले होते, त्यांचा दुसरा डोळा.

याने काय बिघडतं? एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे असतात. साखर तीच, वय तेच, औषध घालायची सवय तीच. दुसरा डोळा आपल्याला नवीन माहिती देतो ती अर्धीमुर्धी. त्याला वेगळा माणूस धरलं की हातात प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त माहिती आहे असा भास होतो, विश्वास-अंतर (खरं उत्तर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावं असा पट्टा, ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’) खोटं अरुंद होतं, आणि बेरजेत त्या अभ्यासाला नको तेवढं वजन मिळतं. अशा चुकीचे पाच-सहा अभ्यास जमले की नसलेला फरक ‘सिद्ध’ होतो.

म्हणून प्रत्येक निबंधासाठी तक्त्यात चार रकाने ठेवा. चिठ्ठी माणसावर टाकली की डोळ्यावर? प्रत्येकाचा एक डोळा घेतला की दोन्ही? एकच घेतला तर कोणता आणि तो कसा निवडला? दोन्ही घेतले तर विश्लेषणात त्यांचं नातं धरलं का? काही चाचण्यांत एका डोळ्याला एक उपाय आणि दुसऱ्याला दुसरा देतात. ती रचना चांगली असते, पण तिचं गणित जोडीचं करावं लागतं. निबंधात हे लिहिलेलं नसेल तर लेखकाला विचारा. उत्तर आलं नाही तर ‘स्पष्ट नाही’ असं लिहा. अंदाजाने भरू नका.

त्या दिवसापासून माझा नियम आहे: आकडे दोघांनीच उतरवायचे, कितीही घाई असो.

दृष्टीच्या मापाचंही तसंच. कोणी ६/१८ लिहितं, कोणी २०/६०, कोणी लॉगमार या मापात ०.५ च्या आसपास. ही सगळी एकाच जागेची नावं. लॉगमारमध्ये आकडा जितका लहान तितकी दृष्टी चांगली, त्यामुळे निकालांच्या आलेखाच्या डाव्या-उजव्या बाजू उलटतात. प्रत्येक आलेखाखाली ‘या बाजूला म्हणजे कोणाच्या फायद्याचं’ हे शब्दांत लिहा.

पायरी ६: अभ्यासावर किती भरवसा

यादृच्छिक चाचण्यांसाठी रॉब-२ आणि इतर अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय ही साधनं आहेत. प्रश्न साधे असतात: चिठ्ठ्या खरंच लपवल्या होत्या का, किती जण मधेच गळले, ठरवलेलेच परिणाम छापले का. शस्त्रक्रियेच्या चाचणीत सर्जनपासून काही लपवता येत नाही, त्याबद्दल त्याला दोष देऊ नका. पण सहा आठवड्यांनी दृष्टी तपासणाऱ्याला गट माहीत होता का, हे जरूर शोधा. ते लपवता येतं. पुण्याच्या त्या चाचणीत ७४१ पैकी ३५ जण सहाव्या आठवड्याला आले नाहीत, म्हणजे ५ टक्क्यांहून कमी. शिबिरातून आलेल्या रुग्णांचा इतका पाठपुरावा किती अवघड असतो हे ज्यांनी गावोगाव फिरून केलं आहे त्यांनाच कळेल. असा अभ्यास हातात आला की मनातल्या मनात हात जोडावेत.

पायरी ७: बेरीज, आणि बेरीज न करण्याचं धैर्य

मेटा-अनॅलिसिस म्हणजे वजन देऊन काढलेली सरासरी. रेव्हमॅन हे कॉक्रेनचं सॉफ्टवेअर वापरा किंवा आर भाषेतलं ‘मेटा’ अथवा ‘मेटाफॉर’ पॅकेज. पहिल्यांदा मात्र हाताने करा. वर दिलेले आकडे घ्या: १६५ भागिले ३४४, १३५ भागिले ३६२, त्यांचा भागाकार (रिस्क रेशो, म्हणजेच सापेक्ष जोखीम) सुमारे १.२९. वजाबाकी शंभरात सुमारे ११, विश्वास-अंतर साधारण ३ ते १८. चष्म्यासह केलंत तर वजाबाकी ३, आणि अंतर शून्याच्या अलीकडून पलीकडे जातं, म्हणजे फरक नसेलही. हे स्वतःच्या हाताने आलं की सॉफ्टवेअर काय करतं ते कळतं.

आता एक मोठं उदाहरण. नेत्रतज्ज्ञ आणि साथरोगशास्त्रज्ञ असलेल्या अल्फ्रेड सोमर यांनी इंडोनेशियात जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेवर काम केलं. रातांधळेपणा शोधायला गेलेल्या त्यांना दिसलं की ज्या मुलांचे डोळे कोरडे पडतात ती मुलं जास्त मरतात. १९८६ मध्ये आचे प्रांतातली त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली: जीवनसत्त्व दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. पुढे इतर देशांत चाचण्या झाल्या. मग २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातली डेव्हटा चाचणी आली, १० लाख मुलांची, आणि तिच्यात फरक जेमतेम ४ टक्के निघाला.

आता बेरीज कशी करायची? २०१७ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत हे लख्ख दिसतं. ‘फिक्स्ड इफेक्ट’ पद्धतीने, जिथे डेव्हटासारख्या प्रचंड अभ्यासाचं वजन पूर्ण पडतं, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. ‘रँडम इफेक्ट्स’ पद्धतीने, जिथे लहान अभ्यासांनाही बऱ्यापैकी वाटा मिळतो, २४ टक्क्यांनी कमी. आकडे तेच, उत्तर दुप्पट. रिव्ह्यूच्या लेखकांनी दोन्ही सांगितलं, आणि ते योग्यच केलं. कोणतं खरं हे गणित सांगत नाही. उत्तर प्रदेशातल्या मुलांना किती कमतरता होती, गोळ्या खरंच पोचल्या का, गोवराचं लसीकरण किती होतं, हे सगळं पाहावं लागतं. पद्धत कोणती हे प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा असं मी दुसऱ्या पायरीत का म्हटलं ते इथे ध्यानात येईल.

कधी बेरीज करायला काही नसतंच. मोतीबिंदूची सेवा गरिबांपर्यंत, बायकांपर्यंत पोचवायला काय उपयोगी पडतं, यावर २०१७ मध्ये कॉक्रेन रिव्ह्यू झाला. निकषांत बसणारे अभ्यास दोनच सापडले, दोन्ही चीनच्या ग्रामीण भागातले. नव्या माणसाला असा रिव्ह्यू फुकट गेल्यासारखा वाटतो. मला तो फार मोलाचा वाटतो. इतक्या वर्षांची शिबिरं, मोफत गाड्या, गावोगावच्या दवंड्या, आणि त्यांतलं काय चालतं हे कोणी नीट मोजलंच नव्हतं, हे त्याने निधी देणाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं.

पायरी ८: खात्री किती, ते शब्दांत

ग्रेड पद्धतीत प्रत्येक परिणामाला चार पातळ्यांपैकी एक द्यायची: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. पूर्वग्रह, विसंगती, अप्रत्यक्षता, अनिश्चितता, छपाईतला पक्षपात या पाच कारणांनी पातळी खाली येते. खाली आणलीत तर तळटीपेत कारण लिहा. अप्रत्यक्षतेकडे आपल्यासारख्यांनी खास लक्ष द्यावं. युरोपातल्या मोठ्या हॉस्पिटलातला फेकोचा निकाल गडचिरोलीच्या पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूला किती लागू पडतो, हा प्रश्न तिथला लेखक विचारेलच असं नाही. तो आपण विचारायचा.

नोकरी, पैसा, ओळखी

कॉक्रेन १९९३ मध्ये सुरू झालं आणि डोळ्यांचा गट १९९७ मध्ये लंडनमध्ये उभा राहिला. त्याची अमेरिकेतली शाखा बरीच वर्षं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये होती. पण ब्रिटनमधल्या कॉक्रेन गटांना मिळणारा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेचा निधी मार्च २०२३ मध्ये थांबला. अनुभवी माणसांना जागा बदलाव्या लागल्या. म्हणून फक्त ‘रिव्ह्यू लिहिणारा’ एवढीच ओळख ठेवू नका. सोबत एक कौशल्य जोडा: रॅब पद्धतीची पाहणी, चाचण्यांचं संख्याशास्त्र, आरोग्य-अर्थशास्त्र किंवा मार्गदर्शक सूचना तयार करणं. रॅब म्हणजे टाळता येणाऱ्या अंधत्वाची पन्नाशीपुढच्या लोकांतली झटपट पाहणी. भारताची २०१५ ते २०१९ ची राष्ट्रीय पाहणी त्याच धर्तीवर झाली, आणि देशातलं अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के निघालं. अशा पाहण्या जोडूनच जागतिक अंदाज बांधले जातात. ज्याने घरोघर टॉर्च घेऊन पाहणी केली आहे, त्याचा जोडणारा हात जास्त भरवशाचा असतो.

काम कुठे मिळतं? दिल्लीच्या एम्सचं डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्र, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, मदुराईचं अरविंद, साइटसेव्हर्ससारख्या संस्था, लंडनचं इंटरनॅशनल सेंटर फॉर आय हेल्थ. पहिलं पत्र लिहिताना ‘मला तुमच्याकडे काम करायची इच्छा आहे’ एवढंच लिहू नका. त्यांचा एक रिव्ह्यू वाचा, त्यात सापडलेली एक त्रुटी किंवा जुना झालेला शोध दाखवा आणि ‘अद्ययावत करायला मी मदत करू का?’ असं विचारा. माझ्याकडे आलेल्या अशा पत्राला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पैसे मागणाऱ्या भुरट्या नियतकालिकांची आमंत्रणं रोज येतील. ती सरळ काढून टाका.

शेवटची पायरी: मराठीत लिहा

रिव्ह्यूसोबत साध्या भाषेतला सारांश लिहायचा असतो. तो इंग्रजीत दिल्यावर मराठीतही लिहा आणि आशाताईंना, ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना वाचायला द्या. ‘सापेक्ष जोखीम १.२९’ त्यांच्या उपयोगाची नाही. मी शेजारच्या काकूंसाठी लिहिलेली दोन वाक्यं अशी आहेत: ‘शंभर जणांचं टाक्यांचं ऑपरेशन केलं तर सहा आठवड्यांनी साधारण ३७ जणांना चष्म्याशिवाय चांगलं दिसतं, बिनटाक्याचं केलं तर ४८ जणांना. चष्मा लावला तर दोन्हींत जवळपास सारखंच दिसतं, म्हणून ऑपरेशन कोणतंही झालं तरी सहाव्या आठवड्याला नंबर काढायला या.’ काकूंनी वाचून विचारलं, ‘चांगलं म्हणजे किती? बसची पाटी वाचता येईल का?’ तेही आता त्या कागदावर लिहायचं आहे.